गाडी सुरू होतानाचे आवाज : ओळख आणि उपाय

मोटार सुरू होताना वेगळा आवाज आला, तर तो कसा आहे यापेक्षा तो नेमका केव्हा आला, हे आधी पाहावे लागते. किल्ली फिरवली, पण इंजिन अजून फिरलेच नाही, अशा क्षणी आलेला आवाज बहुतेक वेळा विजेच्या बाजूचा असतो. इंजिन फिरत असताना आलेली खरखर सेल्फ मोटरची आणि तिच्या दात्यांची. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंद येऊन थांबणारा आवाज बेल्ट, टायमिंग चेन किंवा ऑइलशी निगडित असतो. थांबतच नाही तो बेअरिंगचा, सायलेन्सरचा किंवा थेट इंजिनच्या पोटातला. ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगून गाडी गॅरेजात सोडली, तर तपास चुकीच्या टोकापासून सुरू होतो आणि साध्या अर्थिंगच्या वायरीसाठी अख्खा सेल्फ उतरवला जातो.

रायपूरसारख्या शहरात या आवाजांची कारणे बरीचशी हवेतच असतात. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. मधले चार महिने पाऊस आणि दमट हवा. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांतल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे उत्तरेकडच्या वस्त्यांमध्ये काळी बारीक धूळ बसते ती वेगळीच. उष्णता बॅटरी आणि रबर खाते, धूळ बेल्ट आणि बेअरिंगच्या मागे लागते, ओल जोडण्या गंजवते. गाडीच्या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलतात त्या यामुळे.

सेल्फचे काम समजले की निम्मे आवाज आपोआप समजतात. बंद इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. कोणीतरी ते आधी फिरवावे लागते. पूर्वी हे काम माणूस लोखंडी हँडलने करत असे आणि उलटा झटका बसून मनगटे मोडत. चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये तो बसवला गेला. त्यानंतर हँडल हळूहळू मागे पडले. आजच्या सेल्फची रचनाही मूळ कल्पनेपासून फार दूर गेलेली नाही. किल्ली फिरवली किंवा बटण दाबले की थोडासा करंट सेल्फवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइडमधली लोखंडी दांडी आत ओढली जाते आणि दोन कामे करते. एका टोकाने ती पिनियन नावाचे छोटे दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकवते. दुसऱ्या टोकाने तांब्याचे जाड काँटॅक्ट जोडून बॅटरीचा मोठा करंट मोटरला देते. छोट्या पेट्रोल गाडीतही हा करंट शंभर ते दोनशे अँपिअरच्या घरात जातो. डिझेल गाडीत आणखी जास्त. गाडीतले दुसरे कोणतेही उपकरण बॅटरीवर इतका भार टाकत नाही.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार : किल्ली फिरवली की ‘टक-टक-टक-टक’ असा भराभर आवाज येतो आणि इंजिन हलत नाही. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक दांडी ओढणारी आणि दुसरी ओढलेली दांडी धरून ठेवणारी. बॅटरी कमजोर असली तरी दांडी ओढण्याइतका जीव तिच्यात असतो. दांडी ओढली जाते, काँटॅक्ट जुळतात, मोटर करंट मागते आणि त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. धरून ठेवणारी गुंडाळी सुटते, दांडी मागे येते. भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर चढतो आणि दांडी पुन्हा ओढली जाते. हे सेकंदाला अनेकदा घडते आणि त्याचीच टकटक ऐकू येते. अशा वेळी सेल्फ बहुधा ठणठणीत असतो. दोष बॅटरीत असतो, किंवा बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या वाटेत.

एकच जोरदार ‘टक्’ होऊन सगळे शांत झाले, तर मात्र गोष्ट वेगळी. इथे दांडी ओढली गेली आणि धरूनही राहिली, पण मोटरने हालचाल केली नाही. सोलेनॉइडचे काँटॅक्ट जळलेले असतील, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील, किंवा इंजिनच जाम झालेले असेल. आणि अजिबातच आवाज नसेल, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी फ्यूज, रिले आणि इग्निशन स्विच तपासावा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, त्यामुळे क्लच पेडलखालच्या स्विचकडेही बघावे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्क किंवा न्यूट्रलवर आहे का, हे पाहावे.

या तिन्ही शक्यता घरच्या घरी वेगळ्या करण्याची साधी चाचणी हेडलाइटची आहे. अंधारात, भिंतीसमोर गाडी उभी असताना हेडलाइट लावावा आणि सेल्फ मारावा. प्रकाश पार मंदावला किंवा विझला, तर बॅटरी किंवा टर्मिनल. प्रकाश जवळपास तसाच राहिला आणि एकच ‘टक्’ झाले, तर सोलेनॉइड किंवा मोटर. प्रकाश तसाच आणि आवाजही नाही, तर स्विच-रिलेची बाजू. झिजलेल्या ब्रशच्या सेल्फवर लाकडी दांड्याने हलके ठोकले की तो कधी कधी उचलतो, कारण अडकलेला ब्रश कॉम्युटेटरला पुन्हा टेकतो. रस्त्यात अडकलेल्याला घरी पोहोचवण्यापुरता हा उपाय ठीक. पण त्या आठवड्यातच सेल्फ उघडून ब्रश बदलून घ्यावेत. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ब्रश आणि बुश बदलून तोच सेल्फ पुढे बरीच वर्षे चालता करतो. बदलायला नवा सेल्फ लागतोच असे नाही.

बॅटरीवर खर्च करण्याआधी तिची टर्मिनल पाहावीत. शिशाच्या खुंटांवर पांढरी-हिरवी-निळसर पूड साचलेली असते, कधी क्लॅम्प सैल असतो, तर कधी वरून सगळे लखलखीत दिसते आणि क्लॅम्पच्या आत मात्र काळा थर असतो. हा तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा. तो मल्टिमीटर पकडतो. मीटरची एक सुई थेट शिशाच्या खुंटाच्या माथ्यावर टेकवावी, दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. जोडणी चांगली असेल तर आकडा शून्याच्या आसपास राहतो. तो अर्ध्या व्होल्टकडे सरकू लागला, तर करंट तिथेच अडतो आहे. हीच तपासणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत केली की अर्थिंगची पट्टीही पारखली जाते. एक-दोन पावसाळे पाहिलेल्या गाडीत ही पट्टी बोल्टाखाली गंजलेली सापडते, आणि सॅंडपेपरने घासून बोल्ट आवळला की दुरुस्ती झाली.

टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी काढायचे आणि शेवटी लावायचे. क्रम उलटा झाला आणि पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ब्रशने पूड धुवावी, कोरडे करून क्लॅम्प घट्ट करावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ बिडी-सिगारेट नको.

बॅटरीबद्दल एक समज सर्वत्र आहे, की थंडी बॅटरी मारते. रायपूरच्या हवेत खरा मारेकरी उन्हाळा आहे. तापमान साधारण 10 अंशांनी वाढले की बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. पाणी उडते, आतल्या जाळ्या गंजत जातात. बॅटरीचे बळ एप्रिल ते जूनमध्ये खर्ची पडते, पण गरम इंजिन हलके फिरत असल्याने ते कळत नाही. मग डिसेंबरच्या पहिल्या गार पहाटे ऑइल घट्ट होते, इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो आणि ‘घर्र... घर्र...’ असा दमलेला, रेंगाळणारा आवाज येतो. दोष थंडीला लागतो. त्यात शहरातली छोटी धाव. तात्यापाऱ्यातून गोलबाजारात जाऊन दहा मिनिटांत परतणाऱ्या गाडीत सेल्फने घेतलेला करंट नीट परत भरला जात नाही, आणि एसी, दिवे, पंखा यांचा खर्च चालूच असतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर अर्धा-पाऊण तास चालवून आणलेली बरी.

रात्रभर थांबलेल्या गाडीत बॅटरीचा व्होल्टेज 12.6 च्या आसपास असेल तर ती भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीचे दिवस भरत आले. इंजिन सुरू झाल्यावर तो 13.8 ते 14.5 च्या दरम्यान असायला हवा. नसेल तर दोष बहुधा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरीही महिनाभरात तशीच बसेल. इथल्या उन्हात 3-4 वर्षे चाललेल्या बॅटरीबद्दल तक्रार करू नये.

सेल्फ मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखी ‘खर्रर्र’ आली, तर पिनियन आणि रिंग गिअर नीट जुळत नाहीत. सेल्फचे बोल्ट सैल झाले असतील, पिनियनचे दाते झिजले असतील, किंवा रिंग गिअरचे. हा आवाज रोज येत नाही. चार वेळा गाडी मुकाट सुरू होते आणि पाचव्यांदा खर्रर्र करते. याचे कारण मजेशीर आहे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. एखादा पिस्टन हवा दाबू लागतो तिथे ते अडते, आणि त्यामुळे रिंग गिअरचे ठरावीक दोन भागच दरवेळी पिनियनसमोर येतात. झीज त्या दोन जागांवरच साचते, बाकीचे दाते नव्यासारखे राहतात. ओळखण्याची युक्ती अशी : इंजिन बंद ठेवून, सपाट जागी, गिअर टाकून गाडी हाताने थोडी पुढे ढकलावी, म्हणजे फ्लायव्हील किंचित फिरेल. मग गिअर काढून, हँडब्रेक लावून सेल्फ मारावा. आवाज गेला तर झीज रिंग गिअरची. पिनियन बदलणे सोपे, कारण सेल्फ उतरवला की तो हातात येतो. रिंग गिअर बदलायचा तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून खर्च मजुरीचाच मोठा. ही झीज लवकर येण्याचे एक कारण चालकाच्या हातात असते : इंजिन सुरू आहे हे न कळून पुन्हा किल्ली मारणे. एसीच्या आवाजात आणि काचा बंद असताना हे वारंवार घडते.

याच्या उलट, सेल्फ ‘व्हिंऽऽ’ करून जोरात फिरतो आणि इंजिन जागचे हलत नाही, तेव्हा बेंडिक्स, म्हणजे पिनियनचा संच, घसरलेला असतो. पिनियनमधला एकाच दिशेने पकडणारा क्लच गेला, की मोटर एकटीच फिरत राहते. बेंडिक्स बदलून मिळतो. गाडी सुरू झाल्यावरही तोच सूर चालू राहिला, तर पिनियन मागे आलेला नाही. गाडी त्याच क्षणी बंद करावी. इंजिनच्या वेगाने ओढली गेलेली छोटी मोटर काही वेळातच जळते.

एक आवाज क्वचित येतो, पण माहीत असायलाच हवा. सेल्फ मारताना इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसुरात, विनाअडथळा फिरू लागते आणि सुरू मात्र होत नाही. नेहमीचा ‘घुर्र-घुर्र’ असा चढउतार नाहीसा झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही. टायमिंग बेल्टच्या गाडीत तो तुटल्याची ही खूण आहे. पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यास पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळून दुरुस्ती कैक पटींनी वाढू शकते.

पावसाळी सकाळी गाडी सुरू होताच ‘चींऽऽ’ अशी किंकाळी येते आणि अर्ध्या मिनिटात विरते. हा अल्टरनेटरचा बेल्ट. सेल्फने घेतलेला करंट भरून काढायला अल्टरनेटर सुरुवातीला सर्वाधिक भार घेतो, आणि ओला, कडक झालेला किंवा सैल बेल्ट पुलीवर घसरतो. इंजिन चालू असताना बेल्टच्या आतल्या खाचांवर पाण्याचा हलका फवारा मारून पाहावा. हात, ओढणी, गमछा यांपैकी काहीही जवळ जाऊ देऊ नये. पाण्याने किंकाळी वाढली तर ताण कमी आहे, टेन्शनर पाहावा. पाण्याने आवाज काही क्षण थांबून परत आला, आणि तो लांबलचक नसून ‘चिक-चिक’ असा तुटक असेल, तर एखादी पुली तिरकी आहे किंवा तिचे बेअरिंग जात आहे. बेल्टवर साबण किंवा मेणबत्ती घासणे हा उपाय नव्हे. आवाज थोडा वेळ दबतो आणि खाचांत धूळ जास्त चिकटते. भनपुरी-सिलतराच्या बाजूला रोज धावणाऱ्या गाड्यांचे बेल्ट आणि पुल्या प्रत्येक सर्व्हिसला पुसून, बोटाने तपासून घ्यायला हव्यात. भेगा पडलेला, काचेसारखा चकाकणारा बेल्ट बदलावा.

इंजिन सुरू होताच एक-दोन सेकंद ‘कडकड’ वाजून थांबते, तेव्हा ऑइल वरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आहे. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. चांगल्या फिल्टरमध्ये ते अडवणारी रबरी झडप असते. स्वस्त नकली फिल्टरची झडप लवकर कडक होते आणि रोज सकाळी टॅपेट कोरडे वाजतात. अस्सल फिल्टर लावला की हा आवाज बहुधा जातो. तो चार-पाच सेकंदांपुढे रेंगाळू लागला, तर टायमिंग चेन सैल झाल्याची किंवा तिचा ऑइलवर चालणारा टेन्शनर थकल्याची शक्यता असते, आणि ते काम पुढे ढकलू नये. शहर गरम म्हणून घट्ट ऑइल बरे, असे अनेकांना वाटते. ते चुकीचे आहे. 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 घातले, तर सकाळच्या पहिल्या सेकंदांत, म्हणजे झीज सर्वाधिक होते तेव्हाच, ते सावकाश चढते. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले ग्रेड हेच खरे.

गार इंजिनात ‘टिक-टिक’ येते आणि गाडी तापली की नाहीशी होते, असा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या फाटलेल्या गास्केटचा असू शकतो. तापून धातू फुगतो आणि फट बुजते. आवाज गेला म्हणून दुर्लक्ष करू नये. त्या फटीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड काचा बंद केलेल्या केबिनमध्ये शिरू शकतो, आणि त्याला वास नसतो. सुरू होताना आणि बंद होताना खालून पत्रा थरथरत असेल, तर सायलेन्सरवरची उष्णतारोधक पत्री सुटली आहे. क्लॅम्प बसवला की झाले. दोन्ही वेळी ‘धप्’ असा धक्का जाणवला तर इंजिनाचे रबरी माउंटिंग उन्हाने तडकले आहे.

छत्तीसगडमध्ये धानाची कापणी झाली की शेताकडेच्या वसाहतींमध्ये उंदरांचा त्रास वाढतो आणि बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. एसीच्या ब्लोअरमध्ये पाने-चिंध्या ओढून ठेवल्या की गाडी सुरू होताच डॅशबोर्डमागून ‘फडफड’ येते. ब्लोअर बंद केल्यावर ती थांबली तर इंजिनाचा काही संबंध नाही. कुरतडलेल्या वायरी मात्र मिस्त्रीकडून नीट जोडून घ्याव्यात. नुसती टेप गुंडाळून भागत नाही. थंडीत बॉनेटवर दोनदा थाप मारून मगच किल्ली फिरवावी, आत मांजरही झोपलेले असते.

काही आवाज निरोगी गाडीचेच असतात. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून येणारी दोन सेकंदांची ‘हुंऽ’ पेट्रोल पंपाची. पेट्रोल इंजिनाची हलकी, एकसारखी टिकटिक इंजेक्टरची. इंजिन बंद केल्यावर फिरत राहणारा पंखा रेडिएटरचा.

पावसाळ्यात एक वेळ अशी येते, की आवाजाचा शोध घेत बसायचे नसते. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर ‘ठप्’ होऊन इंजिन अडले, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असू शकते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आणखी एकदा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर घालवेपर्यंत किल्लीला हात लावू नये. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही; त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट कव्हर वेगळे घ्यावे लागते.

मिस्त्रीकडे जाताना आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून न्यावा, तोही रात्रभर थांबलेल्या गार इंजिनाचा, कारण गॅरेजात पोहोचेपर्यंत गाडी तापलेली असते आणि आवाज मुका होतो. एक आवाज मात्र रेकॉर्ड करत बसण्याचा नाही. इंजिन सुरू झाल्यावर खालून जड ‘ठक्-ठक्’ येते, ॲक्सिलरेटरबरोबर तिचा वेग वाढतो आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा विझत नाही, तेव्हा बेअरिंगला ऑइल मिळत नाही. इंजिन तत्काळ बंद करावे, डिपस्टिकवर पातळी पाहावी आणि गाडी चालवत न नेता टोइंग करूनच गॅरेजात न्यावी.